इंग्लंडचा दाखला शिळा झाला

कांजिण्यांच्या लसीविरुद्ध एक मजकूर फिरतो आहे. सार असं: कांजिण्या साध्या, लहानपणी येऊन गेलेल्या बऱ्या, लसीचं संरक्षण कच्चं, आणि लस आली की मोठ्यांत नागीण वाढते, म्हणून तर इंग्लंडने ती घेतली नाही.

‘साध्या’ हे बहुतेक मुलांपुरतं खरं. पण अमेरिकेत १९९५ साली लस येण्याआधी वर्षाला सुमारे ४० लाख लोकांना कांजिण्या व्हायच्या, दहा हजारांवर रुग्णालयात जायचे आणि १०० ते १५० दगावायचे. शिवाय आपल्यासारख्या उष्ण देशांत त्या मोठेपणी येण्याचं प्रमाण जास्त, आणि मोठ्यांना त्या जड जातात. न्यूमोनिया होतो तो बहुधा त्यांनाच.

‘कच्चं संरक्षण’? एका डोसनंतरही शाळांमध्ये साथी येत राहिल्या, हे कबूल. म्हणूनच अमेरिकेने २००६ मध्ये दुसरा डोस जोडला. मला पटतो तो दाखला तान्ह्यांचा. वर्षाखालच्या बाळांना ही लस देतच नाहीत. तरी तिथे बारकाईने नोंदी ठेवलेल्या भागांत १९९५ ते २००८ या काळात त्यांच्यातल्या कांजिण्या सुमारे ९० टक्क्यांनी घटल्या. घरात विषाणू आणणारी दादा-ताई मंडळीच कमी झाली.

आता नागीण. (तिचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो, ही समजूत अजून गेलेली नाही. खोटी आहे.) कांजिण्यांचाच विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि वर्षांनी नागीण होऊन उठतो. कांजिण्या झालेल्या मुलांच्या सहवासाने मोठ्यांची प्रतिकारशक्ती ताजी राहत असावी, हा तर्क होप-सिम्पसन या इंग्रज डॉक्टरने १९६५ मध्ये मांडला. त्यामुळे इंग्लंडची धास्ती खुळी नव्हती. पण अमेरिकेत नागीण लसीच्या आधीपासूनच वाढत होती, आणि लसीनंतर त्या वाढीला वेग आला नाही. लस घेतलेल्या मुलांत तर ती न घेतलेल्यांपेक्षा सुमारे ७८ टक्के कमी आढळली. हे सगळं पाहून ब्रिटनच्या लसीकरण सल्लागार समितीने नोव्हेंबर २०२३ मध्ये शिफारस केली आणि जानेवारी २०२६ पासून तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत मुलांना ही लस, गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीसोबत एकाच टोचणीत, मिळू लागली. मजकूर पुढे ढकलणाऱ्यांपर्यंत ही बातमी पोचलेली दिसत नाही.

खरा आक्षेप वेगळाच आहे आणि तो या मजकुरात नाही. भारतात ही लस सरकारी कार्यक्रमात नाही. बालरोगतज्ज्ञ दोन डोस सुचवतात आणि ज्याला परवडते तो खासगीत घेतो. मोजक्याच मुलांना लस मिळाली तर विषाणू फिरत राहतो, पण उरलेल्यांना तो उशिरा, जास्त वयात गाठू शकतो. म्हणून निदान ८० टक्के मुलांपर्यंत पोचता येत असेल तर सरसकट सुरू करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वाद घालायचाच तर त्या ८० टक्क्यांवर घालू.