निराश न होता

माझ्या 8 वर्षांच्या लेकीने तिची मेणाच्या खडूंची पेटी वर्गातल्या मैत्रिणीला देऊन टाकली. जुनी नको झालेली नाही, अगदी जिवापाड जपलेली. त्यातला जांभळा खडू तर टोक झिजेल म्हणून ती वापरायचीसुद्धा नाही. मैत्रिणीकडे रंग नव्हते, एवढंच कारण. घरी येऊन सांगताना नुसती फुलून गेली होती.

तीन दिवसांनी तोच जांभळा खडू तिला बाकाखाली सापडला. दोन तुकडे, वरचा कागद सोललेला. मैत्रीण म्हणाली, "मला नकोच होते ते." पोरगी ते तुकडे मुठीत धरून घरी आली. घामाने तळहात जांभळा झाला होता. तिने विचारलं, "आई, तूच म्हणालीस ना, दिलं की येशू आपल्याला आणखी देतो? मग हे काय दिलं?"

मी गप्प झाले, कारण चूक माझी होती. "द्या म्हणजे तुम्हांला दिले जाईल" हे बायबलमधलं वचन मीच तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं, आणि समजावताना त्याचा पार व्यवहार करून टाकला होता. आपण बहुतेक आईबाप हेच करतो. लेकराने हात सैल सोडावा म्हणून परतफेडीचं आमिष दाखवतो आणि त्याला श्रद्धा म्हणतो. मग परतफेड आली नाही की लेकराचा मैत्रिणीवरचा विश्वास उडतोच, पण देवावरचाही उडतो. मला हे फार गंभीर वाटतं.

त्या रात्री मी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे लूकने लिहिलेल्या येशूच्या चरित्राचा, सहावा अध्याय पुन्हा उघडला. ते पाठ केलेलं वचन 38 वं. तीनच वचनं वर, 35 व्यात, प्रभू येशू म्हणतो, "निराश न होता उसने द्या." काही भाषांतरांत तिथे "परत मिळण्याची आशा न धरता" असं आहे. मूळ ग्रीक क्रियापद नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, या एकाच ठिकाणी येतं आणि त्याचा नेहमीचा अर्थ आशा सोडून देणे असाच आहे. म्हणजे देणाऱ्याच्या वाट्याला निराशा येणार, हे प्रभूने गृहीतच धरलंय. आणि पुढे कारण काय दिलंय? देव कृतघ्नांवरही उपकार करतो. इतकी वर्षं मी लेकीला 38 वं शिकवत राहिले आणि 35 वं वगळलं.

दुसऱ्या दिवशी तिला येशूने बरे केलेल्या दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट सांगितली. दहाही बरे झाले, आभार मानायला एकच परत आला, तोही शोमरोनी, म्हणजे ज्याला यहुदी लोक परका मानत. येशूने विचारलं, बाकीचे नऊ कुठे आहेत? ती पटकन म्हणाली, "म्हणजे येशूलाही वाईट वाटलं?" मी म्हणाले, मला तरी तसंच वाटतं, नाहीतर त्याने विचारलं नसतं. ती जरा वेळ विचार करत बसली. मग म्हणाली, "त्या नऊ जणांना परत आजारी केलं?" नाही केलं. तसं कुठेही लिहिलेलं नाही. हे तिला आवडलं नाही. तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं आणि मीही ते सावरायला गेले नाही.

"जाऊ दे, माफ कर तिला" असं मी त्या दिवशी मुद्दाम म्हटलं नाही. क्षमा शिकवायची आहेच. पण रडू अजून गळ्यात असताना लेकराच्या तोंडून क्षमेचे शब्द वदवून घेतले, तर ते फक्त खोटं बोलायला शिकतं. बायबलमधलं दावीद राजाच्या नावावरचं 13 वं स्तोत्रच "हे परमेश्वरा, किती काळ?" असं सुरू होतं. त्याची तक्रार देवाच्या पुस्तकात चालते, मग माझ्या लेकीची का चालू नये? मी तिला एवढंच म्हणाले, आज जे मनात आहे तेच येशूला सांग, छान छान शब्द नकोत.

तिने डोळे मिटले. हात जोडले नव्हते, मुठी तशाच आवळलेल्या. "येशू, मला तिचा राग आलाय. तिला रंग मिळू देत. पण माझे नको." मग एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं, हे चालेल का म्हणून.

मी म्हणाले, "आमेन."