अंतराळवीराचा 7 टक्के डीएनए बदलला? नाही

अमेरिकी अंतराळवीर स्कॉट केली आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर 340 दिवस राहून मार्च 2016 मध्ये परतले, तेव्हा त्यांचा 7 टक्के डीएनए बदललेला होता, त्यामुळे ते आणि त्यांचे जुळे भाऊ मार्क केली आता एकसारखे जुळे राहिले नाहीत, शिवाय त्यांची उंची वाढली आणि वय कमी झाले, असा मजकूर 2018 पासून फिरत आहे.

पहिला दावा तर मुळातच अशक्य आहे. माणूस आणि चिंपांझी यांच्या डीएनएच्या ताडून पाहता येणाऱ्या भागांतला अक्षराअक्षराचा फरक जेमतेम 1 ते 2 टक्के भरतो. 7 टक्के बदल झाला असता, तर माणूस जिवंत परतलाच नसता. तो आकडा जनुकांच्या अभिव्यक्तीचा, म्हणजे कोणते जनुक किती जोमाने काम करते याचा होता. उड्डाणात ज्या जनुकांच्या कामाचा वेग बदलला, त्यांतील 90 टक्क्यांहून अधिक सहा महिन्यांत पूर्ववत झाली. उरलेल्यांचा हा आकडा. डीएनएची अक्षरे जागच्या जागीच होती, आणि नासाने मार्च 2018 मध्येच तसा खुलासा केला होता.

वय कमी झाल्याचा दावा टेलोमियरवरून, म्हणजे गुणसूत्रांच्या टोकांवरील आवरणांवरून आला. ती अंतराळात सरासरीने लांबली हे खरे. पण परतल्यावर दोनच दिवसांत ती झपाट्याने आखडली, आणि पुढे आखूड टेलोमियरांची संख्या उड्डाणापूर्वीपेक्षा जास्तच आढळली. याला तारुण्य म्हणणे म्हणजे निष्कर्ष अगदी उलटा करणे होय.

उंची वाढते ती मणक्यांमधल्या चकत्यांवरचा भार हटल्यामुळे. जमिनीवर आल्यावर ती वाढ टिकत नाही.

मला खरी खंत आहे ती या गदारोळात झाकल्या गेलेल्या गोष्टींची. या दोन भावांची तुलना करणाऱ्या, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नासाच्या अभ्यासात गुणसूत्रांचे तुकडे उलटे जोडले गेल्याच्या खुणा वाढल्याचे दिसले, आणि परतल्यावर बौद्धिक चाचण्यांतील केलींचा वेग व अचूकता घटली, ती सहा महिन्यांनंतरही तशीच होती. हा एकाच माणसाचा अनुभव आहे, तुलनेसाठीचे मार्क स्वतःही चार वेळा अंतराळात जाऊन आलेले आहेत, त्यामुळे यावरून सर्वांसाठी नियम काढता येत नाही. त्यातही स्थानक सुमारे 400 किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आडोशाला फिरते. मंगळाच्या वाटेवर हा आडोसा नसेल.