‘अठरा झाली तरी काही करावं लागत नाही’ हे खरं नाही

विशेष मुलांच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘दिव्यांग मूल १८ वर्षांचं झालं तरी आई-वडीलच त्याचे कायमचे पालक. लहानपणी काढलेलं अपंगत्वाचं प्रमाणपत्र जन्मभर चालतं. १८ पूर्ण झाली की पेन्शन आपोआप सुरू होते. वडील सरकारी नोकरीत असतील तर त्यांच्यामागे फॅमिली पेन्शन मुलाला मिळतेच. एजंटच्या नादी लागू नका, कुठलेही कागद करू नका.’

एजंटच्या नादी लागू नका, एवढंच त्यात बरोबर आहे. बाकीच्यावर विश्वास ठेवून मीही निवांत बसले होते, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

पहिला, कायमच्या पालकत्वाचा. माझ्या लेकीला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हातापायांवर नीट ताबा नाही; सोबत बौद्धिक अक्षमता. तिच्या बँक खात्यावर पालक म्हणून माझं नाव होतं. तिला अठरावं पूर्ण झालं त्याच महिन्यात फिजिओथेरपीचे पैसे काढायला गेले, तर काउंटरवरच्या बाईंनी जन्मतारीख पाहून पासबुक परत दिलं. ‘आता त्या सज्ञान आहेत, त्यांची सही किंवा अंगठा लागेल.’ लेक शेजारी व्हीलचेअरवरच होती. तिची उजवी मूठ घट्ट मिटलेली असते, अंगठा आत. मनगट हळूच खाली वाकवून थोडं थांबलं की बोटं सैल पडतात. मी ते करायला घेतलं. काउंटरवरच्या बाई समजुतीनं म्हणाल्या, ‘उठवा तुम्हीच, मी बघत नाही.’ शाईचं पॅड समोर होतं. मला ते जमलं नाही. अंगठा कशासाठी उठवतोय हे तिला कळणार नाही, मग तो तिचा अंगठा कसा? आम्ही तशाच घरी आलो.

बँकेचं चुकलं नव्हतं. आई-वडील नैसर्गिक पालक असतात ते अज्ञान मुलाचे, म्हणजे १८ वर्षांपर्यंत. त्यानंतर कायद्यानं आपण फक्त आई आणि वडील. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्ह्याची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. समितीत जिल्हाधिकारी दर्जाचे अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. या समितीचं प्रमाणपत्र खात्यासाठी ग्राह्य धरावं, असं रिझर्व्ह बँकेनं २००७ सालीच बँकांना कळवलंय. पण समितीची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हावी एवढंच कायदा सांगतो. एक बैठक हुकली की पुढचीची वाट बघा. आमचं खाते पाच महिने अडकलं.

आणि पालकत्व मिळालं म्हणजे लेकीचा पैसा आपला झाला असं नाही. सहा महिन्यांत तिच्या मालमत्तेची यादी द्यायची, दर वर्षी हिशेब द्यायचा. मला हे जाचक वाटत नाही. आपल्यामागे तिचा भाऊ किंवा आणखी कुणी पालक होईल तेव्हा हाच हिशेब तिच्या उपयोगी पडणार आहे.

एक सांगायला हवं. सज्ञान अंध, कर्णबधिर किंवा हातापायानं अधू व्यक्तीला तेवढ्यावरून पालक लागत नाही. तिचे निर्णय तिचेच. ‘दिव्यांग मूल’ या एका शब्दात सगळ्यांना बसवून मेसेजनं तिथेही घोळ घातलाय. आणि चार गटांत न बसणाऱ्या कुणाला निर्णय घेताना खरंच आधार लागत असेल, तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे. ती त्या-त्या निर्णयापुरती, दोघांनी मिळून ठरवण्याची.

दुसरा, अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचा. ते घरातून काढा आणि त्यावरची मुदत वाचा. बौद्धिक अक्षमतेसाठी केंद्राच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय: ५, १० आणि १८ व्या वर्षी नूतनीकरण, आणि अठराव्या वर्षी मिळतं ते आजन्म. म्हणजे लहानपणीचा कागद नेमका तेव्हाच संपतो, जेव्हा बाकी सगळ्या अर्जांना तो जोडायचा असतो. अठरा पूर्ण होताच पहिली फेरी सिव्हिल हॉस्पिटलची करा. आम्ही आधी बँक, मग समिती आणि शेवटी हॉस्पिटल असं उलटं फिरलो. समितीच्या टेबलावरून फाइल परत आली ती याच एका कागदामुळे.

तिसरा, आपोआप सुरू होणारी पेन्शन. आपोआप काहीच सुरू होत नाही. केंद्राची इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन योजना १८ ते ७९ वयासाठी आहे, पण घर दारिद्र्यरेषेखालचं हवं आणि अपंगत्व किमान ८० टक्के. केंद्राचा वाटा महिना ३०० रुपये. राज्याच्या संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचं अनुदान १५०० वरून २५०० करण्याचा निर्णय २०२५ साली झाला. दोन्हींसाठी अर्ज करावा लागतो, आणि पैसे थेट बँक खात्यात येतात. खातंच अडकलेलं असेल तर पुढे काय होणार, ते वेगळं सांगायला नको.

चौथा, फॅमिली पेन्शनचा. यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच ते जास्त धोक्याचं. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या मुलांना फॅमिली पेन्शन साधारण २५ वर्षांपर्यंत मिळते. स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला ती जन्मभर मिळू शकते. २०२१ मध्ये त्यासाठीची उत्पन्नाची अटही बरीच सैल झाली. मात्र अपंगत्व कर्मचाऱ्याच्या किंवा पेन्शनरच्या मृत्यूआधीचं आहे हे दाखवावं लागतं. ते दाखवण्याची सोपी वेळ म्हणजे वडील हयात असतानाची. कुटुंबाच्या तपशिलात मुलाचं नाव आणि अपंगत्व नोंदवून घ्यायचं, सोबत प्रमाणपत्र जोडायचं. माझ्या मिस्टरांनी गेल्या वर्षी ऑफिसमधून स्वतःचा तो फॉर्म काढून आणला. लेकीचं नाव होतं, जन्मतारीख बरोबर होती. अपंगत्वाच्या रकान्यात ‘नाही’ असं लिहिलेलं होतं, खाली मिस्टरांचीच वीस वर्षांपूर्वीची सही. तेव्हा ती जेमतेम काही महिन्यांची होती आणि आम्हालाच काही माहीत नव्हतं. नंतर तो रकाना कुणी बदलायला सांगितला नाही, आम्हीही विचारलं नाही. आता बदलून घेतलाय, पोच फाइलला लावली आहे.