60 लिटरचा फ्रीझर मागितला, 100 लिटरचा दिला: या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू वाचला. घरात पाहुणे, त्यात रसाची आणि मासळीची काळजी, आणि नेमका आमचा फोन लागेना. तुम्हाला मनस्ताप झाला त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. देवगडात आमचं दुकान दुपारी बंद असतं, तेव्हा फोन दुकानातच राहतो. त्याचं काहीतरी बघतो.

तुम्ही एक स्टार दिलात आणि चार गोष्टी लिहिल्यात. 60 लिटरचा मागितला असताना 100 लिटरचा गळ्यात मारला. 30 किलो आमरस दोन दिवसांत गोठला नाही आणि आधी ठेवलेली सुरमई नरम पडली. फ्रीझरचा बाहेरचा पत्रा हाताला गरम लागतो. आणि हेच मॉडेल ऑनलाइन 1,400 रुपयांनी स्वस्त आहे. चारही गोष्टींना उत्तर देतो, पण पहिली मनाला फार लागली, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहितो.

ताई, तुम्ही, भाऊ आणि तुमच्या सासूबाई मे महिन्यात दुकानात आलात. लहानात लहान दाखवा म्हणालात. मी आधी किंमत सांगितली नाही, काय काय ठेवणार ते विचारलं. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत बोटी बंद, तेवढ्या दिवसांपुरती सुरमई, बांगडा, कोलंबी. हंगामाच्या शेवटच्या हापूसचा रस. आणि खवलेलं खोबरं, असं तुम्ही सांगितलंत. मग मी दोन्ही फ्रीझरची झाकणं उघडून दाखवली. या फ्रीझरमध्ये कॉम्प्रेसर खाली एका बाजूला असतो, त्यामुळे आतमध्ये तळाला पायरी येते. स्टिकरवर 60 लिटर लिहिलेलं असलं तरी त्या पायरीवर निम्मीच खोली मिळते, शिवाय वर जाळीची टोपली. तुमच्यासमोर मी रसाचे मोठे डबे आत ठेवून पाहिले. खाली दोन बसले, तिसरा पायरीवर ठेवला तर झाकण टेकेना. सासूबाई 100 लिटरच्या फ्रीझरकडे बघून म्हणाल्या, "एवढो मोठो कित्याक?" त्यांना मी म्हटलं, मासळी एका बाजूला आणि रस एका बाजूला ठेवायचा असेल तर हा बरा पडेल, नाहीतर रसाला मासळीचा वास लागतो. घाई करू नका, घरी जागा मोजा, असंही सांगितलं. दुसऱ्या दिवशी तुमच्याच घरून फोन आला की मोठाच पाठवा. यात गळ्यात मारण्यासारखं काय झालं, ते मला अजून कळत नाही.

खरं सांगायचं तर तो 60 लिटरचा पीस आमच्या गोडाऊनमध्ये कधीचा पडून होता. मला नुसता माल खपवायचा असता तर मी तोच पुढे केला असता आणि तुम्ही आनंदाने नेला असतात. उलट मोठा फ्रीझर मागायला आलेल्या माणसालाही मी परत पाठवलेलं आहे. घरात दोनच माणसं आणि 300 लिटरचा फ्रीझर, तर तो अर्धा रिकामा राहणार आणि वीज फुकट जाणार. माझ्याकडून लोक विचारून घेतात ते याच भरवशावर. मुंबईची चाकरमानी मंडळी गावच्या घरासाठी तिथूनच फोन करून वस्तू ठरवतात, आणि आता फोन करण्याआधी ती तुमचा रिव्ह्यू वाचणार. आमचा पावसाळा मे महिन्याच्या विक्रीवर निघतो. म्हणून एवढं लिहावं लागतंय.

आता रसाचं. 30 किलो रस एकदम भरला, असं तुम्हीच लिहिलंय. एक किलो पाणी 30 अंशांवरून 0 अंशापर्यंत आणायला साधारण 30 किलोकॅलरी उष्णता काढावी लागते, पण 0 अंशाच्या पाण्याचं 0 अंशाचंच बर्फ करायला आणखी 80 लागतात. म्हणजे गार करण्यापेक्षा गोठवायलाच जास्त वेळ जातो. रसाचंही जवळपास तसंच, आणि साखर घातलेला असेल तर तो पाण्यापेक्षा उशिरा गोठतो व मऊही राहतो. लहान फ्रीझरचा कॉम्प्रेसर लहानच असतो. 24 तासांत किती किलो गोठवता येईल तो आकडा पुस्तिकेत दिलेला असतो, आणि या मापाच्या फ्रीझरला तो थोड्या किलोंचाच असतो. गोठलेला माल साठवायला त्याला अडचण नाही, सगळा माल एका दिवसात गोठवणं त्याच्याकडून होत नाही.

आमचा मेकॅनिक आला तेव्हा कडेचे डबे दगडासारखे झाले होते आणि मधले पातळ होते. गारवा भिंतींतून येतो, त्यामुळे एकमेकांना चिकटून रचलेल्या डब्यांमध्ये मधल्यांचा नंबर शेवटी लागतो. सुरमई आधी गोठलेली होती, तिच्यावर कोमट रसाचे डबे आले म्हणून ती नरम पडली. मासळी नरम पडली की जीव हळहळतो, कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. पण ताई, त्यात मशीनचा दोष नाही. रस आधी साध्या फ्रिजमध्ये गार करून घ्यायचा, अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या चपट्या करून भिंतीला लावून ठेवायच्या आणि रोज थोड्या थोड्या भरायच्या. हे मी दुकानात सांगितलं होतं. त्या वेळी तुम्ही फोनवर बोलत होता, त्यामुळे कदाचित राहून गेलं असेल.

पत्रा गरम लागतो कारण आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या त्या पत्र्याच्या आतच असतात. पत्रा गरम होतोय याचा अर्थ मशीन काम करतंय. मात्र त्या उष्णतेला जायला वाट हवी. मेकॅनिकने पाहिलं तेव्हा फ्रीझर पडवीच्या कोपऱ्यात दोन्ही भिंतींना घट्ट लावलेला होता, दुपारचं ऊन त्याच्यावर येत होतं आणि जोडणी एक्स्टेन्शनच्या वायरवर होती. त्याने तो माजघरात हलवला, चारही बाजूंनी वीतभर जागा सोडली आणि भिंतीतल्या सॉकेटला स्टॅबिलायझर लावून जोडला. दुसऱ्या दिवशी थर्मामीटर ठेवून पाहिलं तेव्हा आत उणे 18 भरलं. तेव्हा भाऊ स्वतः तिथे उभे होते. रिव्ह्यूत यातलं काहीच नाही, त्याचं वाईट वाटलं.

किमतीबद्दल वाद घालत नाही. ऑनलाइन 1,400 कमी असतील, तुम्ही पाहिलंय तर खरंच असणार. आमच्या किमतीत टेम्पो, दोन माणसांनी उचलून घाटीवरून घरात आणणं, मेकॅनिकच्या दोन फेऱ्या आणि पक्कं बिल एवढं सगळं धरलेलं आहे. गाडीतून हलत आलेला फ्रीझर लगेच चालू करू नका, काही तास उभा राहू द्या, कॉम्प्रेसरचं ऑइल खाली बसू द्या, हेही आमचाच माणूस सांगून गेला. बाकी ज्याची त्याची मर्जी.

पावसाळ्यासाठी एक सांगतो, रागावू नका. आपल्याकडची हवा दमट, झाकण उघडलं की ती आत जाते आणि भिंतींवर बर्फाचा थर धरतो. पेराएवढा जाड होईपर्यंत थांबू नका. अर्धा सेंटिमीटर झाला की बंद करून वितळू द्या, तळाचं बूच काढून पाणी जाऊ द्या. सुरीने किंवा कोयतीने खरवडू नका, गॅसची नळी लगेच आतल्या पत्र्यामागे असते. आणि लाइट गेली तर झाकण उघडून बघायचं नाही. गार हवा जड, ती उभ्या फ्रीझरसारखी दारातून ओघळून जात नाही, आतच राहते. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळात लाइट गेली, तेव्हा ज्यांनी भरलेला फ्रीझर बंदच ठेवला त्यांचा माल जास्त टिकला.

यापुढे फ्रीझरबरोबर मराठीत छापलेला कागद द्यायचा विचार आहे, बघू कसं जमतं. मेकॅनिक या आठवड्यात तुमच्या वाडीकडे येणार आहे, तो एकदा येऊन बघून जाईल, त्याचे पैसे नाहीत. तेव्हाही थर्मामीटर उणे 18 दाखवत नसेल तर बिल घेऊन दुकानात या, कंपनीकडे तक्रार मी स्वतः नोंदवून देतो. आणि सगळं बरोबर चाललेलं असेल, तर तो गळ्यात मारल्याचा उल्लेख तेवढा काढा, एवढी विनंती. स्टार किती द्यायचे ते तुम्ही ठरवा.

सासूबाईंना नमस्कार सांगा.