पाव टक्क्याचा धनी

मी पोटापाण्यासाठी फेस मारतो. म्हणजे भिंतीच्या वॉटरबेस्ड रंगाला घुसळताना जो फेस येतो, तो बसवणारं डिफोमर विकतो. सोसायटीतल्या काकूंना हे तीनदा समजावलं. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, "पण नोकरी आहे ना?"

हजार किलो रंगात आमचा माल अडीच किलो. पाव टक्का. त्याच पिंपात रेझिन असतं, पिगमेंट असतं, पाणी असतं; पण बॅच बिघडली की फोन मला.

परवा बुधवारी संध्याकाळी आला. "तुमच्या मालाने बॅच घालवली. आत्ता या." भोसरी एमआयडीसीला गुरुवारची सुट्टी, त्यामुळे उद्यावर ढकलायची सोय नाही. कोथरूडहून नाशिक फाटा गाठेस्तोवर तोंडाला फेस आला. त्या फेसावर आमच्याकडे प्रॉडक्ट नाही.

क्यूसीच्या, म्हणजे दर्जा तपासणाऱ्या, मॅडमनी रंग लावून पाहिलेलं पॅनेल पुढे सरकवलं. देवीच्या व्रणांसारखे गोल गोल खड्डे. क्रेटर. आमच्या मालातलं सिलिकॉन जादा झालं की रंग तिथून अंग काढून घेतो.

"डोस बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. बॅचकार्डावर २.५ किलो, खाली सही. मी मिक्सरपाशी गेलो.

"काका, डिफोमर किती घातलं?"

"सात मग."

"मग?"

"मग काय? मग!" असं म्हणून त्यांनी न्हाणीघरातला निळा मग दाखवला. किलोभर मावेल असा.

आधी अडीच मग पुरायचे म्हणे. पुढे फेस बसेना, म्हणून चार केले, मग पाच, मग सात. ड्रम कधी ढवळलात का? "ढवळायचा असतो?" लेबलवर लिहिलंय. इंग्रजीत, आणि ड्रमची ती बाजू भिंतीकडे.

आमच्या मालातली सिलिका तळाला बसते. आमटी न ढवळता वाढली की पहिल्या पंगतीला पाणी आणि शेवटच्या पंगतीला डाळ, तशातली गत. काका इतके दिवस पाणीच मोजत होते. आज ड्रमचा तळ लागला आणि सातही मग डाळीचे पडले.

एवढ्यात पर्चेसचे साहेब आले. "सात मग लागतात म्हणजे माल कमजोर आहे. रेट कमी करा."

बॅच फेकू नका, म्हटलं. पुढच्या बॅचेस डिफोमरशिवाय करा, त्यांत ही थोडी थोडी मुरवा, आधी लॅबमध्ये छोटी ट्रायल घ्या. मॅडमना पटलं. काकांना ढवळणं आणि वजनकाटा दाखवला.

"आधी सांगायचं ना, साहेब!"

खरं होतं. ट्रायलच्या दिवशी मी वरच्या एसी खोलीत ४२ स्लाइड दाखवल्या होत्या. जिना उतरलो नव्हतो.

परतताना सिग्नलला एकदम आठवलं. याच ग्राहकाची खरेदी तीन महिने चढती आहे. गेल्या सोमवारी आढावा बैठकीत तो ग्राफ मीच दाखवला होता, वर 'टेक्निकल सेलिंगचे यश' असा मथळा देऊन. टाळ्या पडल्या होत्या. आमच्या साहेबांनी तीच रेघ पट्टी लावून वर ओढली आणि पुढच्या तिमाहीचं टार्गेट दिलं.

रात्री फोरकास्टची शीट उघडली. नवा आकडा भरताच शेजारचा रकाना लाल झाला: घटीचं कारण लिहा.

बराच वेळ बसलो. 'मग' एवढंच सुचत होतं.