व्हिसाचे पैसे कर्जात धरलेत का?

"मुलाला यूकेला पाठवतोय. फी, राहणं-खाणं, विमान, सगळं धरूनच कर्ज काढलंय." बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, निपाणी, येळ्ळूरकडचे पालक माझ्याकडं कागद दाखवायला येतात तेव्हा हे वाक्य ठरलेलं. डिग्रीनंतर तिथं नोकरी करायची परवानगी काढायला किती लागतात, ते धरलंय का? विचारलं की बाप मुलाकडं बघतो, मुलगा मोबाईलकडं.

मग मीच सांगतो. ही परवानगी म्हणजे ग्रॅज्युएट व्हिसा. त्याची फी एप्रिल २०२५ च्या दरानं ८८० पौंड. शिवाय तिथल्या सरकारी दवाखान्यांसाठीचा हेल्थ सरचार्ज वर्षाला १,०३५ पौंड, आणि तो दोन्ही वर्षांचा अर्ज करतानाच एकरकमी. एकूण २,९५० पौंड, म्हणजे साडेतीन लाखांच्या आतबाहेर. तेही कधी? हातात पगार नसताना. १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना तर दोन वर्षांऐवजी दीडच वर्ष मिळणार (पीएचडीवाल्यांचं वेगळं). इकडं बहुतेक बँकांचा हप्ता कोर्स संपल्यावर वर्षभरात सुरू होतो. जोडा आता गणित.

टिकायचं तर पुढं स्किल्ड वर्कर व्हिसा, म्हणजे कंपनीनं स्पॉन्सर केलेला नोकरीचा व्हिसा. पगाराची साधारण अट जुलै २०२५ पासून वर्षाला ४१,७०० पौंड, नवख्यांना ३३,४००. तीन वर्षांसाठी परत एप्रिल २०२५ च्या दरानं ८८५ पौंड फी आणि ३,१०५ सरचार्ज. बाहेरच्या देशातला माणूस ठेवला म्हणून कंपनीलाही सरकारला स्किल्स चार्ज भरावा लागतो. मोठ्या कंपनीला डिसेंबर २०२५ पासून माणशी वर्षाला १,३२० पौंड. गंमत अशी की स्टुडंट व्हिसावरून थेट स्किल्ड वर्करवर गेलं तर हा चार्ज माफ, ग्रॅज्युएट व्हिसावरून गेलं तर लागू! म्हणजे कोर्स संपता संपता नोकरी हाती आली तर पोराचे तीन हजार पौंड वाचतात आणि कंपनीचेही पैसे वाचतात. नोकरीची शोधाशोध डिग्रीनंतर नाही, पहिल्या टर्मपासून करायची, ती यासाठी. ॲडमिशन करून देणारे हे का सांगत नाहीत? त्यांचं कमिशन ॲडमिशनवर आहे ओ, नोकरीवर नाही.

अमेरिकेचं एक लाख डॉलरचं प्रकरण ऐकून घाबरलेलेही येतात. एच-वन-बी या तिथल्या नोकरीच्या व्हिसावर लावलेला तो भार मुख्यतः देशाबाहेरून येणाऱ्यांवर आहे. तिथंच शिकून, तिथंच राहून स्टेटस बदलणाऱ्यांना तो नाही, हे ऑक्टोबर २०२५ मध्ये स्पष्ट झालंय. पण तिथं लॉटरीचा जुगार आहेच.

मला खरा राग येतो तो "स्पॉन्सरशिप मिळवून देतो, एवढे लाख टाका" म्हणणाऱ्यांचा. स्किल्स चार्ज कामगाराकडून वसूल करायला यूकेच्या नियमानं बंदी आहे. स्पॉन्सरशिप सर्टिफिकेटची फीसुद्धा कंपनीनंच भरायची. तरी लोक जमिनीच्या आरटीसी उताऱ्यावर (आपला सातबारा) बोजा चढवून हे पैसे देतात! नोकरी खोटी निघाली तर व्हिसाही जातो, गुंठेही जातात.

कर्ज मागताना व्हिसाची रक्कम मुलाच्या नावावर वेगळी ठेवता येते का, ते आधी बघा. ॲडमिशनवाल्याला फक्त एवढं विचारा: या कोर्सची गेल्या वर्षीची किती पोरं आज स्किल्ड वर्कर व्हिसावर आहेत? आकडा द्यायला टाळाटाळ केली, तर डिपॉझिट भरू नका.