आकडे असे भरा की तपासणाऱ्याने कपाळाला हात लावावा

प्रयोग झाला, मोजमापे हाती आली. आता ती एक्सेलमध्ये अशी भरायची की दुसऱ्या कुणाला ती वापरता येऊ नयेत आणि तपासता तर मुळीच येऊ नयेत.

वरच्या तीन ओळी प्रकल्पाच्या नावाला द्या. त्याखाली दुमजली शीर्षके, वरचा मजला मर्ज केलेला, म्हणजे शेजारचे सेल जोडून एक केलेला. मर्ज केल्यावर मजकूर डाव्या कोपऱ्यातल्या एका सेलपुरता उरतो, बाकीचे रिकामे; फाइल आर किंवा पायथन या संगणकभाषांत उघडणाऱ्याला ते कळेल, सावकाश. एका ओळीत एक नोंद आणि एका कॉलममध्ये एकच गोष्ट, हे हट्ट यंत्राचे फाजील लाड करणाऱ्यांचे.

एकक आकड्यालाच चिकटवा: '१२.५ मिग्रॅ'. त्या सेलचा मजकूर होतो आणि सरासरीचे सूत्र त्याला गुपचूप वगळते. शंकास्पद नोंदी पिवळ्या करा, सीएसव्ही (नुसत्या मजकुराची फाइल) करताना रंग आपोआप धुऊन निघतो. जिथे मोजलेच नाही तिथे कधी ०, कधी -९९९, कधी रिकामे. 'नर' लिहिताना अधूनमधून शेवटी एक स्पेस सोडा, म्हणजे गणतीत नरांच्या दोन जाती निघतील. डेटा व्हॅलिडेशनची, म्हणजे ठरलेल्या पर्यायांतूनच निवडू देणारी, यादी लावली की हा शोध लागतच नाही.

तारखा ०३/०४/२१ अशाच हव्यात. २०२१-०४-०३ लिहिले तर वाद कशावर घालणार? एक्सेल तारीख दिवसांच्या गणतीत साठवते; एक फाइल १९०० पासून दिवस मोजणारी आणि दुसरी, जुन्या मॅकवरची, १९०४ पासून मोजणारी असेल तर सोन्याहून पिवळे: एकीतून दुसरीत पेस्ट करा, तारखा १,४६२ दिवसांनी सरकतात.

जनुकांच्या नावांचे काम मात्र एक्सेलवर सोपवा. 'सेप्ट२'ची ते २ सप्टेंबर करते, 'मार्च१'ची १ मार्च. जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे पाचव्या हिश्शात असल्या चुका असल्याचे २०१६ मध्ये दिसले. शेवटी २०२० मध्ये मानवी जनुकांच्या नामकरण समितीने जनुकांचेच पुन्हा बारसे केले: सेप्टिन२, मार्चएफ१. (सॉफ्टवेअरपुढे जीवशास्त्राने मान तुकवली, याहून मोठी पावती कोणती?) २०२३ मध्ये हे रूपांतर बंद करायची सोय आली, ती शोधू नका. कॉलम आधीच 'टेक्स्ट' करून ठेवायचा मोहही आवरा.

फाइल जुन्या एक्सएलएस साच्यातच ठेवा. त्यात ६५,५३६ ओळी मावतात, पुढचे कुणाचे काय जाते? २०२० च्या शरदात इंग्लंडमध्ये याच मर्यादेपायी कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून गळाले होते.

'मोज२_ब' म्हणजे काय, कुठल्या उपकरणाने, कुठल्या एककात, हे सांगणारी वेगळी शीट जोडू नका. ते फक्त त्या विद्यार्थ्याला ठाऊक असावे, जो आता दुसऱ्या देशात आहे. एवढे करूनही कुणी मूळ आकडे मागितलेच, तर तक्त्याची पीडीएफ पाठवा. स्कॅन केलेली, किंचित तिरकी.